शब्दाला जागलेला शांतिदूत : रेव्हरंड ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ

पुणें शहराच्या शनिवार पेठेंत मुठा नदीपासून जवळच जो जुना भक्कम तट उभा आहे, तो पेशव्यांचा शनिवारवाडा होय. थोरल्या बाजीराव पेशव्यांनीं इ. स. १७३० सालीं त्याचा पाया घातला. इ. स. १८२८ सालीं लागलेल्या आगींत आंतील इमारती जळून गेल्या. आतां तट, दरवाजे, जोतीं व कारंज्यांचे हौद एवढेंच उरलें आहे. आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनी कांहीं कामानिमित्त पुण्यास आल्या म्हणजे हा वाडा पाहून जातात. अठराव्या शतकांत फौजांस कूच करण्याचे हुकूम या पेठेंतून सुटत, आणि तहाचे खलितेही येथूनच जात. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा याच वाड्यांत खून झाला. राज्यलोभानें घरांत सांडलेलें तें रक्त घरांतच राहिलें नाहीं. त्यांचे चुलते रघुनाथराव पुढें इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यावरून मराठे व इंग्रज यांच्यामध्यें युद्ध पेटलें. आणि त्या युद्धाचा वणवा पसरत पसरत दूर कावेरीच्या कांठच्या गरीब शेतकऱ्याच्या झोंपडीपर्यंत जाऊन पोंचला.

त्या धामधुमींत, लढणाऱ्या दोन पक्षांच्या मध्यें, हातीं शस्त्र न धरितां एक ख्रिस्ती उपाध्याय उभे राहिले. त्यांचें नांव ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. ते जन्मानें जर्मन होते. त्यांचें आयुष्य तमिळ देशांत गेलें. आणि त्यांचीं शेवटचीं वीस वर्षें तंजावरास, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांच्या वंशजांच्या मराठी राज्यांत गेलीं. तेथील राजाशीं दुभाष्यावांचून बोलतां यावें म्हणून ते आपली मराठी भाषाही शिकले होते. यास्तव हें चरित्र परक्या देशाचें म्हणून बाजूस ठेवण्यासारखें नाहीं. डोंगरावरील उपदेशांत आमच्या प्रभूनें शांति करणाऱ्यांस धन्य म्हटलें आहे. परंतु राजे राजांशीं लढत असतां साध्या उपदेशकानें शांति करावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. या चरित्रांत त्याचें उत्तर सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून तें येथें संक्षेपानें देत आहों.

इ. स. १७२६ च्या ऑक्टोबर महिन्यांत प्रशियाच्या राज्यांतील सोनेनबुर्ग गांवीं श्वार्ट्झ साहेबांचा जन्म झाला. हा गांव आतां पोलंड देशांत आहे. ते लहान असतांच त्यांची आई वारली. मरतेवेळीं तिनें आपल्या पतीस व पाळकास जवळ बोलावून, हा मुलगा मीं देवाला वाहिला आहे, त्याला त्या सेवेची आवड लागल्यास कोणीं आड येऊं नये, अशा अर्थाचें वचन त्यांजपासून घेतलें. पुढें हाले येथील विद्यापीठांत शिकत असतां मद्रासेहून परत आलेले वृद्ध मिशनरी बेंजामिन शुल्ट्झ यांची गांठ पडली. तमिळ बायबलाच्या छपाईस मदत व्हावी म्हणून श्वार्ट्झ हिंदुस्थान पाहण्यापूर्वींच तमिळ शिकूं लागले. इ. स. १७४९ सालीं कोपनहेगन येथें त्यांस दीक्षा मिळाली, व इ. स. १७५० च्या जुलै महिन्यांत ते त्रांकेबार येथें उतरले. तें ठिकाण त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें, आणि झीगेनबाल्ग या पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यानें इ. स. १७०६ सालीं तेथेंच कामास आरंभ केला होता. श्वार्ट्झ साहेबांनीं त्याच झीगेनबाल्गच्या प्रार्थनामंदिरांत कांहीं महिन्यांच्या आंत आपला पहिला तमिळ उपदेश केला.

बारा वर्षांनंतर ते त्रिचनापल्लीस राहावयास गेले. तेथील त्यांची राहणी पाहणारास नवल वाटे. एका जुन्या इमारतींतील खाट मावेल एवढी खोली हेंच त्यांचें घर होतें. भात व भाजी हें जेवण, अंगावर साधा काळा पोषाख. त्यांनीं लग्न केलें नाहीं व पैका सांठविला नाहीं. इ. स. १७६३ सालीं किल्ल्यांतील दारूखान्याचा भडका होऊन पुष्कळ शिपाई मेले, तेव्हां त्यांच्या पोरक्या लेंकरांसाठीं त्यांनीं वर्गणी जमवून शाळा काढली. किल्ल्यांतील इंग्रज शिपायांचे पाळक या नात्यानें त्यांस जें वेतन मिळूं लागलें, त्याचा मोठा भाग त्यांनीं मंडळीच्याच कामीं लाविला. हिशेब चोख, बोलणें मोजकें, आणि एकदां दिलेलें वचन कितीही अडचण पडली तरी पाळावयाचें, असा त्यांचा नेम होता. गरीब विणकरापासून आर्काटच्या नबाबापर्यंत सर्वांस हें ठाऊक झालें. या लहान गोष्टी आम्ही मुद्दाम सांगत आहों. शेतकरी जसा दुष्काळापूर्वीं पेंवांत धान्य भरून ठेवितो, तसा या मनुष्यानें वीस वर्षें आपल्या शब्दाचा विश्वास सांठविला होता, आणि प्रसंग आला तेव्हां तोच उपयोगी पडला.

आतां त्या प्रसंगाची हकीकत सांगितली पाहिजे. म्हैसूरचा हैदर अली व मद्रासचे इंग्रज यांच्यामध्यें इ. स. १७६९ सालीं तह झाला होता. कोणी तिसऱ्यानें चढाई केल्यास परस्परांस मदत करावी असें त्यांत ठरलें होतें. थोड्याच दिवसांत पुण्याहून माधवराव पेशव्यांच्या फौजा म्हैसुरावर गेल्या. हैदरानें मद्रासकडे कुमक मागितली. ती आली नाहीं. हा सल त्याच्या मनांतून गेला नाहीं. इ. स. १७७९ च्या जानेवारींत मावळांतील वडगांव येथें मराठ्यांनीं इंग्रजी फौजेस कोंडलें, व तेथें इंग्रजांनीं करार लिहून दिला. परंतु फौज सुखरूप परत गेल्यावर मुंबई व कलकत्ता येथील वरिष्ठांनीं तो करार मान्य केला नाहीं. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत इंग्रजांनीं मलबार किनाऱ्यावरील माहे बंदर घेतलें. तें फ्रेंचांचें असलें तरी हैदराच्या संरक्षणाखालीं होतें. इकडे शनिवारवाड्यांत नाना फडणीस इंग्रजांविरुद्ध दख्खनच्या सत्तांची जूट करण्याच्या खटपटींत होते, व पुण्याचे वकील हैदराशीं बोलणीं करीत होते. याप्रमाणें चोहोंकडे कागदांवर शिक्के उठत होते, आणि शिक्क्यांवर भरंवसा ठेवण्यास कोणीच तयार नव्हता.

अशा वेळीं हैदराच्या मनांत काय आहे तें समजावें व युद्ध टळावें, अशी मद्रासच्या गव्हर्नरास, सर टॉमस रंबोल्ड यांस, गरज वाटली. परंतु हैदर कोणा कारभाऱ्याचें ऐकून घेण्यास राजी नव्हता. तो ख्रिस्ती पाद्री आपणास फसविणार नाहीं, पाठवावयाचें असल्यास त्यास पाठवावें, असें त्याचें म्हणणें पडलें अशी हकीकत आहे. गव्हर्नरांनीं श्वार्ट्झ साहेबांस बोलावून ही कामगिरी सांगितली. त्यांनीं ती तत्काळ स्वीकारिली नाहीं; विचार करण्यास व प्रार्थनेस अवधि मागून घेतला. राजकारणांत पडणें हें उपाध्यायाचें काम नव्हे, हें ते जाणून होते. तथापि तीन कारणांनीं त्यांनीं होकार दिला. पहिलें हें कीं, रक्तपात टाळण्याचा उद्योग देवाच्या इच्छेविरुद्ध असूं शकत नाहीं. दुसरें, सरकारानें मिशनच्या कामास केलेल्या साह्याची कृतज्ञता दाखवावी. तिसरें, ज्या प्रांतांत शुभवर्तमान पोंचलें नव्हतें तेथें तें सांगावयास मिळेल. त्याचबरोबर त्यांनीं मनाशीं निश्चय केला कीं, प्रवासखर्चापलीकडे कोणत्याही पक्षाकडून एक कवडीही घ्यावयाची नाहीं.

इ. स. १७७९ च्या जुलैंत ते त्रिचनापल्लीहून निघाले. सत्यनाथन नांवाचे त्यांचे तमिळ उपदेशक आपण होऊन बरोबर गेले. युद्धाच्या तोंडावर परमुलखांत जाणें म्हणजे जिवाचा धोका होता, आणि गोऱ्या पाद्र्यापेक्षां काळ्या उपदेशकास तो अधिक होता. हेच सत्यनाथन पुढें इ. स. १७९० सालीं दीक्षा पावून पाळक झाले. हैदराच्या सरहद्दीवरील करूर किल्ल्यापाशीं परवानगीची वाट पाहत पुष्कळ दिवस थांबावें लागलें. ते दिवसही दोघांनीं लोकांशीं धर्मविषयक बोलणें करण्यांत घालविले. नंतर घाट चढून ऑगस्टच्या अखेरीस ते श्रीरंगपट्टणास पोंचले. वाटेंत श्वार्ट्झ साहेबांनीं एक गोष्ट पाहून लिहून ठेविली : पावसानें रस्ता किंवा पूल बिघडला कीं हैदराच्या राज्यांत तो लागलाच दुरुस्त होई, आणि या बाबतींत युरोपियन लोकच हयगय करीत. ज्याला प्रतिपक्षाचा गुण दिसत नाहीं, त्याच्या हातून समेट होत नाहीं.

हैदरानें त्यांस आदरानें आपल्याजवळ गालिच्यावर बसवून घेतलें. हैदरास लिहितां वाचतां येत नव्हतें; परंतु त्याची स्मरणशक्ति व माणसाची पारख असामान्य होती. हिंदुस्थानी भाषेंत मोकळेपणानें बोलणीं झालीं. हैदरानें इंग्रजांनीं मोडलेलीं वचनें एकामागून एक मोजून दाखविलीं. श्वार्ट्झ साहेबांनीं तीं खोटीं म्हटलीं नाहींत, व आपल्या धन्याची बाजू सजवूनही मांडली नाहीं. तह राखण्यांत दोन्हीकडील प्रजेचें कल्याण आहे एवढेंच त्यांनीं कळकळीनें पुढें ठेविलें. हैदराच्या नोकरींत कांहीं जर्मन शिपाई होते, त्यांस जमवून ते तंबूंत उपासना चालवीत. हैदरानें त्यास हरकत घेतली नाहीं. निरोपाच्या वेळीं हैदरानें मद्रासकरितां एक पत्र दिलें. आपण अद्याप सूड घेतलेला नाहीं, आतां सलोखा करावयाचा कीं लढावयाचें तें इंग्रजांनींच ठरवावें, असा त्याचा आशय होता. वाटखर्चासाठीं त्यानें तीनशें रुपयांची थैलीही दिली. ती परत केल्यास आपणावर इतराजी होईल असें दरबारी मंडळींनीं सांगितल्यामुळें श्वार्ट्झ साहेबांनीं ती ठेवून घेतली, परंतु मद्रासेस पोंचतांच सरकारच्या हवालीं केली. सरकारानें ती त्यांस परत दिली, तेव्हां तंजावर येथें इंग्रजी धर्मार्थ शाळा काढण्याच्या निधींत त्यांनीं ती रक्कम घातली.

येथवरची हकीकत वाचून कोणास वाटेल कीं आतां तह झाला असेल. तो झाला नाहीं. श्वार्ट्झ साहेब हैदरापाशीं शांतीचें बोलत होते त्याच सुमारास मद्रासची एक फौज गुंतूरकडे जावयास निघाली होती, व तिनें हैदराच्या संमतीवांचून त्याच्या मुलखांतून वाट काढण्याचा प्रयत्न केला. परत आल्यावर श्वार्ट्झ साहेबांनीं ऐकलेलें सर्व जसेंच्या तसें सांगितलें. परंतु तक्रारींचें निवारण करण्याची मद्रासच्या कौन्सिलाची तयारी नव्हती. पुढील वर्षीं पाठविलेला दुसरा वकील तर हैदराची मर्जी न मिळतांच परत आला. एवढ्यांत हैदरानें पुण्याशीं हात मिळविला होता. ज्यांनीं पाठविलें त्यांचाच हेतु स्वच्छ नव्हता, ही गोष्ट श्वार्ट्झ साहेबांच्या लक्षांत आली व तिचें त्यांस फार वाईट वाटलें. समेट करणाऱ्याच्या वांट्यास येणारें हें सर्वांत कडू दुःख होय. शत्रु फसवील या भीतीनें तो सावध असतो. आपलेच लोक आपला चांगुलपणा पडद्यासारखा पुढें धरतील, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. अशा वेळीं पुष्कळ सज्जन खिन्न होऊन घरीं बसतात. श्वार्ट्झ साहेब बसले नाहींत.

इ. स. १७८० च्या जुलै महिन्यांत हैदर ८० ते ९० हजार फौजेनिशीं घाट उतरून कर्नाटकांत आला. १० सप्टेंबर रोजीं पोल्लिलूर येथें त्यानें इंग्रजांच्या एका मोठ्या तुकडीचा धुव्वा उडविला. गांवें जळालीं, गुरें हांकून नेलीं, तरुण मुलें पकडून नेलीं, पाटबंधारे फोडले गेल्यामुळें शेतें ओसाड पडलीं. तंजावर प्रांताची तर दैना झाली. उपाशी माणसें किल्ल्याच्या आश्रयास धांवत आलीं, व सकाळीं रस्त्यांत प्रेतें पडलेलीं आढळूं लागलीं. श्वार्ट्झ साहेबांनीं हें संकट ओळखून स्वस्ताईच्या दिवसांतच तांदूळ विकत घेऊन ठेविला होता. त्यावर त्यांनीं उपदेशकांचीं कुटुंबें जगविलीं, आणि इतरांपासून मिळालेल्या मदतीची भर घालून रोज भुकेल्यांस अन्न वांटलें. अन्न देतांना कोणाचा धर्म कोणता हें पाहिलें नाहीं. या सर्व काळांत ते खेडोपाडीं जात येत असत. हैदरानें आपल्या सरदारांस ताकीद दिली होती कीं, या पाद्र्यास कोणीं अडवूं नये, त्यास मानानें जाऊं द्यावें, कारण तो आपलें वाईट चिंतणारा नाहीं. तह मोडला होता. परंतु तहासाठीं आलेल्या मनुष्यावरील विश्वास मोडला नव्हता. त्या विश्वासाच्या बळावर किती भुकेलीं माणसें जगलीं, याची गणती कोणीं केलेली नाहीं.

या युद्धांतील आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तंजावरच्या किल्ल्यांतील धान्य संपत आलें. बाहेर गांवांत धान्य होतें, परंतु तें आंत आणावयास बैल मिळत ना. राजानें हुकूम सोडले, आर्जवें केलीं, सर्व व्यर्थ. कारण यापूर्वीं लोकांचें धान्य व बैल नेले, आणि मोबदला कोणीं दिला नव्हता. अखेर राजानें श्वार्ट्झ साहेबांस सांगितलें कीं, आम्हां सर्वांवरचा लोकांचा विश्वास उडाला आहे, तुमचें ऐकतील तर पाहा. साहेबांनीं गांवोगांवीं पत्रें पाठवून, धान्याचे व भाड्याचे पैसे मी स्वतः देईन, असा शब्द दिला. दोन तीन दिवसांत सुमारें एक हजार बैल येऊन उभे राहिले, आणि कलम नांवाच्या तिकडील मापानें ८०,००० कलम धान्य किल्ल्यांत पोंचलें. प्रत्येकाचा पैसा चुकता झाला. राजाच्या शिक्क्यानें जें झालें नाहीं, तें एका खोलींत राहणाऱ्या उपाध्यायाच्या शब्दानें झालें.

७ डिसेंबर १७८२ रोजीं हैदर मरण पावला. त्याच वर्षीं सालबाई येथें पुणें दरबार व इंग्रज यांचा तह ठरला होता. पण हैदराचा पुत्र टिपू लढतच राहिला. इ. स. १७८३ च्या अखेरीस त्याच्याशीं बोलणीं करण्यासाठीं इंग्रज वकील निघाले, तेव्हां दुभाषी म्हणून पुन्हां श्वार्ट्झ साहेबांस विनंति करण्यांत आली. एकदां असा अनुभव आल्यावर त्यांनीं नकार दिला असता तर कोणीं दोष दिला नसता. वय सत्तावन्न झालें होतें, व पायाचें दुखणें होतें. तरी ते निघाले. सत्यमंगलमपर्यंत गेल्यावर टिपूच्या लोकांनीं त्यांस पुढें जाऊं दिलें नाहीं, व ते परत फिरले. मार्च १७८४ मध्यें मंगळूर येथें तह झाला, त्यावर त्यांचें नांव नाहीं. म्हणजे दोनदां हा शांतिदूत गेला, आणि दोन्ही वेळां रिकाम्या हातांनीं परत आला. जगाच्या हिशेबानें हें अपयश होय.

परंतु युद्ध संपलें म्हणजे शांति आली असें होत नाहीं. तंजावरच्या तुळजाजी राजाचे कामगार युद्धानंतर रयतेस इतकें पिळूं लागले कीं, हजारों शेतकरी जमिनी टाकून परागंदा झाले. पेरणीचे दिवस निघून जाऊं लागले. कारभार सुधारण्यासाठीं नेमलेल्या पंचमंडळींत श्वार्ट्झ साहेबांस घेण्यांत आलें. तुम्हांस न्याय मिळेल, परत या, असा निरोप त्यांनीं पाठवितांच एका दिवसांत सात हजार माणसें आपापल्या गांवीं परतलीं, व हंगाम उलटत असतांही रात्रंदिवस खपून त्यांनीं शेतें लाविलीं.

इ. स. १७८७ सालीं तुळजाजी राजा मरणास टेंकला. त्यानें दत्तक घेतलेला सरफोजी अवघा दहा वर्षांचा होता. राजानें त्यास श्वार्ट्झ साहेबांच्या हवालीं करावयाचें ठरविलें. साहेबांनीं ही गोष्ट नाकारली. आपण मुलाचे पालक झाल्यास राज्यांत तंटा व रक्तपात होईल, तेव्हां राजाच्या सावत्र भावानें, अमरसिंगानें, मुलाचा सांभाळ करावा, असा सल्ला त्यांनीं दिला. अमरसिंगानें वचन दिलें, परंतु पुढें तो स्वतःच गादीवर बसला, आणि मुलास कोंडून ठेविलें. त्याच्या शिक्षणाचीही सोय राहिली नाहीं. तंटा टळला खरा, पण त्याची किंमत एका पोरक्या लेंकरानें दिली. हें कळल्यावर श्वार्ट्झ साहेब स्वस्थ राहिले नाहींत. त्यांनीं मद्रास सरकारास वारंवार लिहून मुलाची सुटका करविली, इ. स. १७९३ सालीं त्यास मद्रासेस नेऊन त्याच्या विद्येची व्यवस्था लाविली. आणि गादीवरील त्याचा हक्क सिद्ध व्हावा म्हणून वृद्धापकाळीं कागदपत्रांचें ओझें वाहिलें. केवळ आरडाओरड बंद होणें म्हणजे शांति नव्हे. दुर्बळाचा हक्क बुडत असेल तर त्या शांतीच्या पोटांत अन्याय असतो, हें त्यांनीं कृतीनें मान्य केलें.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजीं तंजावर येथें, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, श्वार्ट्झ साहेबांनीं देह ठेविला. अठ्ठेचाळीस वर्षांत ते एकदांही आपल्या मायदेशीं गेले नाहींत. सरफोजी अंत्यविधीस येऊन शवपेटीपाशीं मुलासारखा रडला. त्याच वर्षीं तो गादीवर बसला. तंजावरचें सरस्वती महाल ग्रंथालय त्यानेंच भरभराटीस आणिलें. तेथें आजही मोडी लिपींतील मराठी कागद आहेत. सरफोजीनें आपला धर्म सोडला नाहीं. तथापि आपल्या गुरूच्या स्मरणार्थ त्यानें इंग्लंडांतील फ्लॅक्समन नांवाच्या प्रसिद्ध शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या किल्ल्यांतील मंदिरांत बसविलें. मराठी राजा मृत्युशय्येवरील पाद्र्याचा हात हातांत घेऊन उभा आहे, असें तें शिल्प आहे.

सत्पुरुषाचें चरित्र लिहितांना त्याच्या उणीवा झांकणें हें प्रामाणिकपणाचें नव्हे. श्वार्ट्झ साहेबांच्या मंडळ्यांत जातिभेद राहिला. उच्च जातीचे व नीच मानलेले ख्रिस्ती एकाच मंदिरांत वेगवेगळे बसत, आणि काळानें हा भेद नाहींसा होईल या आशेनें साहेबांनीं तो सोसला. तो आपोआप गेला नाहीं, पुढें इ. स. १८३३ सालीं बिशप विल्सन यांस त्याविरुद्ध कडक हुकूम काढावा लागला, आणि मंडळ्यांत मोठी फूट पडली. राजाराजांमध्यें समेट करूं पाहणाऱ्यास आपल्याच मंदिरांतील भिंत पाडतां आली नाहीं, हें वाचून आम्हांस खेद होतो. त्याचप्रमाणें ज्या कंपनीच्या वतीनें ते गेले, तिच्या लोभाचा परिणाम त्यांस पूर्णपणें कळला होता असें म्हणवत नाहीं. देव आपला खजिना मातीच्या भांड्यांत ठेवितो, तो यासाठीं कीं आम्हीं भांड्याची पूजा करूं नये.

आतां, प्रिय उपदेशक बंधूंनो व मंडळीच्या वडील मंडळींनो, आपणांस कोणी हैदराच्या दरबारीं पाठविणार नाहीं. परंतु गांवांत दोन भाऊबंद बांधावरून कोर्टांत जातात. विहिरीच्या पाण्यावरून दोन वस्त्या एकमेकींवर उठतात. निवडणुकीनंतर वर्षभर अबोला राहतो. देशांत धर्माच्या नांवानें दंगा उसळला म्हणजे आमच्या मंडळीकडे दोन्ही बाजूंचे लोक संशयानें पाहतात. अशा वेळीं मध्यें पडावयास कोणी तरी हवा असतो. त्याच्याजवळ मोठी विद्या किंवा ओळखी असाव्या लागत नाहींत. मात्र त्याच्याविषयीं दोन्ही पक्षांस तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : हा खोटें बोलणार नाहीं, हा कोणाचा पैसा खाणार नाहीं, आणि समेट फिसकटला तरी हा आम्हांस टाकून जाणार नाहीं. ही ओळख भांडणाच्या दिवशीं मिळत नसते. वर्गणीचा हिशेब, उसन्या घेतलेल्या पायलीभर जोंधळ्याची परतफेड, शाळेंतील मुलांस दिलेला शब्द, आजाऱ्यास येतों म्हणून सांगितलेली वेळ, अशा लहान बाबतींत ती वर्षानुवर्षें मिळवावी लागते.

श्वार्ट्झ साहेबांच्या हातून युद्ध टळलें नाहीं. परंतु युद्ध चाललें असतां त्यांच्या शब्दावर शेतकऱ्यांनीं बैल जुंपले, भुकेल्यांनीं अन्न खाल्लें, आणि परागंदा झालेले घरीं आले. शनिवार पेठेंतील त्या मोठ्या वाड्यांतून निघालेल्या खलित्यांपैकीं पुष्कळांची शाई वाळण्यापूर्वींच त्यांतील करार मोडले गेले. मद्रास व म्हैसूर येथील खलित्यांची गतिही याहून निराळी झाली नाहीं. आमच्या लहान मंडळ्यांतून ज्यांच्या शब्दावर शेजारी विसंबूं शकेल असे स्त्रीपुरुष निपजावेत, आणि प्रसंग येईल तेव्हां त्यांनीं भिऊन मागें सरूं नये, अशी शांतीच्या अधिपतीजवळ आमची प्रार्थना आहे.